बर्फावरून उतरवलेल्या मुली

गेल्या गणेशोत्सवातली गोष्ट. हायडेलबर्ग, वाल्डॉर्फ, मानहाइम या पट्ट्यात आता इतकी मराठी घरं झाली आहेत की कार्यक्रमाला मोठा हॉल भाड्यानं घ्यावा लागतो. आरती झाली, अथर्वशीर्ष झालं, मग आबिटुअरला, म्हणजे इथल्या बारावीला, उत्तम गुण मिळवलेल्या मुलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. गुणी मुलं आहेत, त्यांच्या कष्टांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते नंतर जेवणाच्या रांगेत जे झालं त्याबद्दल. माझ्या पुढे एक ओळखीचं कुटुंब होतं. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. सात वर्षांची असल्यापासून ती आइस हॉकी खेळते, गोलकीपर आहे. मी सहज विचारलं, "हिचा सीझन सुरू झाला का?" वडील म्हणाले, "बंद केलं. आता दहावी, मग आबिटुअर. मेडिसिनला जायचंय तिला. हॉकी काय, नंतरही खेळता येईल." रांगेतल्या तिघाचौघांनी माना डोलावल्या. एक काकू म्हणाल्या, "बरं केलंत, दातबीत तुटायच्या आत." मुलगी शेजारीच ताट धरून उभी होती. तिनं मला विचारलं, "ताई, तू पीएचडी करताना काही खेळत होतीस का?" मी खरं उत्तर दिलं. नाही म्हटलं. वडील हसले आणि तिला म्हणाले, "बघ."

मी मसालेभात वाढून घेतला आणि पुढे गेले. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

त्या वडिलांचं म्हणणं आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण आपणही त्यावरच वाढलो. वेळ मर्यादित आहे, खेळाला दिलेला तास अभ्यासातून वजा होतो, आणि मुलगी हुशार असेल तर ही वजाबाकी परवडत नाही. सांगलीत मी नववीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होते. नववीच्या शेवटी नाव काढून घेतलं. कोणी रागावलं नाही, कोणी सक्ती केली नाही. सगळ्यांना ते आपोआप घडणारं वाटलं, मलाही. त्यामुळे "नाही" हे माझं उत्तर खरं होतं, पण ते कशाचाही पुरावा नव्हतं. जिला खेळू दिलं नाही तिनं न खेळता पीएचडी केली, एवढाच त्याचा अर्थ.

माझा मुद्दा असा आहे: "अभ्यास की खेळ" हा प्रश्न मुलींच्या कुवतीतून आलेला नाही. ज्या संस्थांनी दोन्हींची सोय करायची त्यांनी ती केली नाही, म्हणून तो आला. जिथे विद्यापीठांनी ही सोय केली तिथे काय झालं याचा पाव शतकाचा हिशेब आपल्यापुढे आहे, आणि तो नेमका आइस हॉकीचाच आहे. त्या हिशेबाचं नाव डब्ल्यूसीएचए, म्हणजे वेस्टर्न कॉलेजिएट हॉकी असोसिएशन.

ज्यांना अमेरिकी कॉलेज खेळाची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. तिथे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातली विद्यापीठं एकमेकांशी साखळी सामने खेळतात, आणि गटांतले सर्वोत्तम संघ मार्चमध्ये एनसीएए या देशव्यापी संघटनेच्या अजिंक्यपदासाठी लढतात. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखंच, फक्त चार दिवसांत उरकून टाकलेलं नाही. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत पूर्ण हंगाम चालतो. सामने साधारण शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे सोमवारी वर्गात बसता येतं.

या गटाची सुरुवात १९५१ मध्ये सात विद्यापीठांनी केली, वेगळ्या नावानं आणि अर्थातच फक्त पुरुषांसाठी. मिनेसोटा, मिशिगन, नॉर्थ डकोटा, डेन्व्हर ही त्यातली काही. वयानं मोठे कॅनडियन खेळाडू आणण्यावरून १९५८ मध्ये भांडण होऊन गट फुटला, १९५९ मध्ये डब्ल्यूसीएचए या नावानं पुन्हा उभा राहिला. २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थ्यांनी सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, तो सामना हॉकी न बघणाऱ्यांनीही ऐकलेला असतो. त्या संघातले २० पैकी १४ खेळाडू तेव्हाच्या डब्ल्यूसीएचए विद्यापीठांतले होते, एकट्या मिनेसोटाचे नऊ. २००५ मध्ये तर देशातले शेवटचे चारही संघ याच एका गटाचे होते.

दात तुटतील म्हणणाऱ्या काकूंच्या माहितीसाठी: त्या १४ जणांत बिल बेकर नावाचा बचावपटू होता. त्याच स्पर्धेत स्वीडनविरुद्ध सामना संपायला २७ सेकंद असताना त्यानं बरोबरी साधणारा गोल केला होता. पुढे तो मुख आणि जबड्याचा शल्यविशारद झाला.

पण मला सांगायचं आहे ते १९९९ पासूनचं. त्या वर्षी डब्ल्यूसीएचएनं महिलांची स्वतंत्र लीग सुरू केली, सात विद्यापीठांची. यामागे कोणाचा मोठेपणा नव्हता, कायदा होता. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या तरतुदीनुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि खेळही शिक्षणाच्याच व्याख्येत येतो. म्हणजे मुलींचा संघ हा उपकार नव्हता, हक्क होता. तरी तो प्रत्यक्षात यायला सत्तावीस वर्षं लागली, हेही लक्षात ठेवू.

एनसीएएनं महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद २००१ मध्ये सुरू केलं. पहिलं अजिंक्यपद डब्ल्यूसीएचएच्या मिनेसोटा-डुलूथनं जिंकलं. दुसरं आणि तिसरंही. मग मिनेसोटा, मग विस्कॉन्सिन. पहिली तेरा अजिंक्यपदं या एकाच गटाकडे गेली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठानं पहिल्यांदा ही साखळी तोडली. २००१ ते २०२५ या काळात २४ अजिंक्यपदं झाली (२०२० चं कोविडमुळे रद्द झालं), त्यातली २१ डब्ल्यूसीएचएची: विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, डुलूथ पाच, ओहायो स्टेट दोन. उरलेली तीन क्लार्कसनची. २०१२-१३ च्या हंगामात मिनेसोटानं ४१ सामने खेळले आणि ४१ जिंकले. सलग ६२ विजयांनंतर त्यांना जो संघ हरवू शकला तोही याच गटातला, नॉर्थ डकोटा.

यात एक गंमत आहे. पुरुषांची डब्ल्यूसीएचए आज नाही. २०१३ मध्ये मोठी विद्यापीठं जास्त कमाईच्या गटांकडे निघून गेली आणि २०२१ मध्ये उरलेला गटही बंद झाला. सत्तर वर्षांचं नाव आज टिकवून आहेत त्या मुली.

२३ मार्च २०२५ चा अंतिम सामना मी इथे घरी, रात्री उशिरा, लॅपटॉपवर पाहिला. विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट, दोन्ही याच गटातले. विस्कॉन्सिन २-३ नं मागे. १९ सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्स एकटी पक घेऊन निघाली आणि तिनं गोल केला. जादा वेळेतला विजयी गोलही तिचाच. बाकावर प्रशिक्षक होते मार्क जॉन्सन, १९८० मध्ये सोव्हिएत संघावर दोन गोल करणारे तेच. पुरुषांच्या हॉकीतलं एवढं नाव असलेला माणूस २००२ पासून मुलींना शिकवतो आहे.

आता मुख्य प्रश्न. या मुली शिकतात की नुसत्या खेळतात? नियम पाहा. हंगामात सक्तीचा सराव आणि सामने मिळून आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. पूर्णवेळ विद्यार्थिनी असल्याशिवाय बर्फावर उतरता येत नाही. दोन वर्षं संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्या वर्षाअखेर ६०, चौथ्या वर्षाअखेर ८०. अभ्यासात मागे पडलात तर संघाबाहेर. एका महिला संघाला १८ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा देता येई (२०२५ पासून ही रचना बदलते आहे). म्हणजे आपण घरी जी धमकी देतो, "अभ्यास केला नाहीस तर खेळ बंद", तीच तिथेही आहे. फरक इतकाच की तिथे अभ्यास केला तर खेळ चालू राहतो. आपल्याकडे अभ्यास चांगला चालला असतानाही बंद होतो. ती मुलगी वर्गात पहिल्या तिघांत असते.

आणि हे फक्त अमेरिकी मुलींचं नाही. डुलूथच्या पहिल्या अजिंक्य संघाची तारका मारिया रूथ स्वीडनची होती. २००६ च्या ट्यूरिन ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात स्वीडननं अमेरिकेला हरवलं तेव्हा स्वीडनचे दोन्ही गोल तिचे, शूटआउटमधला निर्णायक गोलही तिचाच. स्वीडनला रौप्य मिळालं. मिनेसोटाच्या त्या ४१-० हंगामातली गोलकीपर नूरा रॅटी फिनलंडची. आपण राहतो त्या जर्मनीतलीही उदाहरणं आहेत. टान्या आयझेनश्मिड नॉर्थ डकोटाकडून खेळली. जर्मनीच्या राष्ट्रीय संघातली नीना योब्स्ट-स्मिथ डुलूथकडून खेळली. बव्हेरियात फ्रायझिंगला जन्मलेली गोलकीपर सांड्रा आब्स्ट्रायटर दुसऱ्या एका गटातल्या प्रॉव्हिडन्स कॉलेजमध्ये शिकली आणि तिथून उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये पोचली. मुलांचंही उदाहरण हवं असेल तर आपल्या शेजारच्या मानहाइमचा मार्क मिखाएलिस घ्या. मिनेसोटात मँकेटोला चार वर्षं शिकला, खेळला, कर्णधार झाला, मग व्हँकूवरच्या संघातून एनएचएल खेळला.

ही मुलं महासागर ओलांडून का गेली? कारण जर्मनीत अठराव्या वर्षानंतर त्यांच्यासाठी अशी जागाच नव्हती.

इथे मला माझ्या जर्मन सहकाऱ्यांशी भांडायचं आहे. कॉफीच्या वेळी हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: खेळ हे फेराइनचं काम, विद्यापीठाचं काम विज्ञान. फेराइन, म्हणजे गावोगावचे सभासदांनी चालवलेले क्लब, ही जर्मनीची खरी मोठी गोष्ट आहे. ८६ हजारांच्या आसपास क्रीडा क्लब आहेत. सात वर्षांच्या मराठी मुलीला थोड्याशा वर्गणीत बर्फावर उभं करणारा क्लब मला सांगलीत सापडला नसता. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण क्लब मुलीला अठरा वर्षांपर्यंत आणून सोडतो. त्यापुढे ती विद्यापीठात गेली की तिच्या परीक्षेची तारीख आणि तिच्या सामन्याची तारीख यांचं काय करायचं हे तिचं तिनं बघायचं. काही विद्यापीठांनी राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूंना परीक्षा पुढे ढकलण्याची मुभा देणारे करार केले आहेत, ते चांगलंच आहे. पण सवलत देणं आणि संघ उभा करणं यात फरक आहे. सवलत आधीच वर पोचलेल्या मोजक्यांना मिळते. संघ असला तर वर पोचण्याच्या वाटेवर असलेल्या अनेक जणी टिकतात. बाकी मोठा आधार उरतो तो सैन्याच्या क्रीडा तुकड्यांचा. गोलकीपर व्हायचं तर डॉक्टर होण्याऐवजी आधी सैनिक व्हा, हा पर्याय कोणत्या मराठी घरात चालेल?

विद्यापीठात खेळ नाहीच असं नाही. मी स्वतः तेहतिसाव्या वर्षी विद्यापीठाच्या क्रीडा कार्यक्रमात नवशिक्यांचा आइस हॉकी वर्ग घेतला. बर्फाची वेळ मिळाली रात्री पावणेअकराची, कारण त्याआधी सगळे तास क्लबांनी घेतलेले. उधारीच्या स्केट घालून आम्ही वीस जण पडत होतो आणि मनापासून हसत होतो. अतिशय आनंदाचे दिवस होते ते. पण तो विरंगुळा होता आणि तसाच तो चालवला जातो. आमच्यात एक मुलगी होती, खरी खेळाडू, सतराव्या वर्षांपर्यंत क्लबच्या संघात खेळलेली. ती आम्हा पडणाऱ्यांत गोल गोल स्केटिंग करत राहायची. तिला विद्यापीठाकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

परिणाम समोर आहे. जर्मन महिला संघ २०१४ च्या सोची ऑलिंपिकनंतर २०१८ आणि २०२२ ला पात्रच ठरला नाही. थेट २०२६ साठी पात्र ठरला, बारा वर्षांनी. या पुनरागमनात समुद्रापलीकडच्या कॉलेजांत शिकलेल्या मुली आहेत. हा देश आपल्या मुलींचं उच्च शिक्षण फुकट करतो आणि तरी त्यातल्या काहींना शिकता शिकता खेळायचं म्हणून विमानात बसावं लागतं. माझ्या सहकाऱ्यांनी याचा कधी कॉफीच्या वेळेबाहेरही विचार करावा.

आता आपल्याकडे येऊ. "हे सगळं परक्यांचं, आपल्यात नाही" असं कोणी म्हणू नये. आपल्यात होतं. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एका मराठी प्राचार्यानं विद्यार्थ्याच्या खेळाला शिक्षणाबाहेरचं मानलं नाही. १९३५ पासून आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा आहे. वाडेकर, गावसकर मुंबई विद्यापीठाकडून खेळून पुढे गेले. आपल्या आईवडिलांच्या पिढीला कॉलेजचा सामना बघायला जाणं माहीत होतं.

मग आपण काय केलं? खेळाचे गुण ठरवले. दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त २५ वाढीव गुण. हेतू चांगला असेल, पण त्यातून आमच्या पिढीनं जे शिकायचं ते शिकलं: खेळाला स्वतःची किंमत नाही, त्याचे मार्कांत रूपांतर झालं तरच किंमत. तेच गणित सुटकेसमध्ये घालून आपण जर्मनीला आलो. इथे खेळाचे वाढीव गुण मिळत नाहीत, म्हणून खेळाची किंमत शून्य झाली. इतकं सरळ आहे ते.

आणि हे गणित मुलींना आधी लागतं. आमच्या मंडळातली मुलं पंधराव्या वर्षानंतर फुटबॉल खेळताना मला दिसतात. "त्याला ऊर्जा खर्च करायला काहीतरी हवं ना," असं त्यांच्या आया म्हणतात. मुलीच्या ऊर्जेचं काय करायचं हे आपण कोणी विचारत नाही. आजूबाजूच्या घरांत मी पाहिलेल्या पोहणाऱ्या, ज्युडो खेळणाऱ्या, हॉकी खेळणाऱ्या मुली एकेक करून याच वयात थांबल्या. भरतनाट्यम मात्र चालू राहतं, कारण ते मंडळाच्या रंगमंचावर दाखवता येतं. भरतनाट्यमशी माझं वैर नाही. घाम त्यातही गळतो. पण मग वेळेचा मुद्दा खरा नव्हता, हे तरी मान्य करू.

माझ्यावर आक्षेप येतील ते मला माहीत आहेत, म्हणून आधीच उत्तर देते.

पहिला: अमेरिकी कॉलेज खेळ हा पैशाचा बाजार आहे. बरोबर आहे. पुरुषांची डब्ल्यूसीएचए पैशानंच फोडली. मुलींच्या लीगमध्येही सगळं स्वच्छ नाही. डुलूथला पाच अजिंक्यपदं मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक शॅनन मिलर यांचा करार विद्यापीठानं डिसेंबर २०१४ मध्ये पुढे न वाढवण्याचं ठरवलं, कारण पैशाचं दिलं. त्या न्यायालयात गेल्या आणि २०१८ मध्ये ज्युरीनं भेदभाव झाल्याचं मान्य करून त्यांना ३७ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. नॉर्थ डकोटानं मार्च २०१७ मध्ये खर्चकपातीत मुलींचा संघच बंद केला. अकरा महिन्यांनी प्योंगचांग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध बरोबरीचा गोल केला मोनीक लामुरूनं आणि शूटआउटमधला विजयी गोल तिची जुळी बहीण जोसलीननं. दोघी नॉर्थ डकोटाच्याच. अमेरिकेला वीस वर्षांनी सुवर्ण मिळालं. तर हो, तिथली विद्यापीठंही मुलींचा खेळ पहिल्यांदा कापायला तयार असतात. पण संघ होता म्हणून तो कापल्याचा आरडाओरडा झाला. कायदा होता म्हणून मिलर जिंकू शकल्या. आमच्या त्या मुलीचा खेळ एका संध्याकाळी घरातच कापला गेला आणि रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या.

दुसरा: आपली मुलगी काही ऑलिंपिकला जाणार नाही. बहुतेक नाही जाणार. डब्ल्यूसीएचएमधल्याही बहुतेक जणी जात नाहीत. त्या पदवी घेतात आणि शिक्षिका, अभियंता, परिचारिका होतात. आपण मुलीला गणित शिकवतो ते तिला फील्ड्स पदक मिळेल म्हणून नव्हे. मग खेळालाच ही अट का?

तिसरा: मेडिसिनला प्रवेश अवघड आहे. आहेच. पण हेली विकेनहायझर हे नाव शोधून पाहा. कॅनडाची, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं, कॅल्गरी विद्यापीठाकडून खेळली आणि २०२१ मध्ये तिथूनच डॉक्टर झाली. सगळ्याच विकेनहायझर नसतात हे मान्य. पण गोलकीपरचं काम काय असतं ते पाहा: चूक झाली की सगळ्यांसमोर होते, आणि पुढच्या मिनिटाला परत उभं राहावं लागतं. माझे प्रयोग आठवड्यामागून आठवडे फसतात तेव्हा मला ही एक गोष्ट येत नाही हे जाणवतं. खो-खो सोडल्याचा माझा खरा तोटा तो आहे.

चौथा: इजा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. डोक्याला मार लागण्याचा धोका खरा आहे, मुलींच्या हॉकीत मुद्दाम अंगावर जाऊन धडक मारायला बंदी असली तरी. या कारणानं कोणी खेळ थांबवला तर मी ऐकून घेईन. पण मग कारण ते सांगा. आबिटुअर सांगू नका.

आणि "बर्फाचा खेळ आपला नव्हे" म्हणणाऱ्यांना एवढंच: २०२५ मध्ये महिलांच्या आशिया चषकात भारतानं ब्राँझ जिंकलं, बहुतांश लडाखच्या मुलींच्या जोरावर. त्यांच्याकडे तलाव गोठण्याची वाट बघण्यापासून सुरुवात आहे. आपल्याकडे ट्रामनं जाता येईल असा रिंक आहे.

तर मागणं काय? विद्यापीठात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी, आणि आपण बरेच आहोत, आपापल्या ठिकाणी विचारावं की खेळणाऱ्या विद्यार्थिनीच्या परीक्षेचं वेळापत्रक ठरवताना तिच्या सामन्यांची यादी कोणी मागितली का. मी आमच्या संस्थेत हे विचारलं आहे, उत्तराची वाट पाहते आहे. मंडळांनी पुढच्या गणपतीत आबिटुअरच्या मुलांबरोबर वर्षभर एखाद्या क्लबसाठी खेळलेल्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा सत्कार करावा, जिंकलेली असो वा नसो. शाली पुरतील, नाहीतर मी आणते.

आणि शेवटचं त्या वडिलांसाठी, ते हे वाचतात हे मला माहीत आहे. दादा, त्या दिवशी तुम्ही मला पुरावा म्हणून वापरलंत. मी तुमच्या बाजूची साक्षीदार नाही. जेवताना वहिनी म्हणाल्या की किट अजून तळघरात आहे आणि वसंतात जुन्या बाजारात विकायचा विचार आहे. गोलकीपरचे पॅड महाग असतात, चांगले पैसे येतील हे खरं. तरी विकू नका. तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारचा सामना, एवढं एक वर्ष देऊन बघा. तिचे गुण कमी झाले तर मी येऊन तिचा गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास घेईन, आबिटुअरपर्यंत, एकही पैसा न घेता. हे मी सगळ्यांसमोर लिहून देते आहे.